पाहून येणारा आचार



गेल्या काही पाठांतून आपण पंचाचारांचा विचार करीत आहोत. लिंगाचार, सदाचार, शिवाचार, गणाचार आणि भृत्याचार ही पाच नावे पाठ करणे अवघड नाही. आपल्या घरातील शाळकरी मुलेही ती एका दमात म्हणून दाखवितात. परंतु आचार हा शब्द ज्या धातूपासून झाला आहे, त्याचा मूळ अर्थच मुळी चालणे, वागणे असा आहे. चालणे कोणी व्याख्या ऐकून शिकले आहे काय? म्हणून पाचही आचारांचे विवेचन पुढे नेण्यापूर्वी या पाठात एक प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. आचार मनुष्याच्या अंगी येतो तो कोणत्या वाटेने?

काही वर्षांपूर्वी एका भक्ताच्या घरी पादपूजेसाठी गेलो होतो. पहाटेची वेळ होती. घरातील अज्जी इष्टलिंग पूजेला बसल्या होत्या. त्यांचा तीन वर्षांचा नातू अंथरुणातून उठून आला आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. अंगणातून आणलेला एक खडा त्याने डाव्या तळहातावर ठेवला, हात छातीसमोर धरला आणि डोळे मिटले. मधूनच एक डोळा किलकिला करून तो अज्जीकडे पाही आणि पुन्हा मिटून घेई. खडा डाव्या हातावरच ठेवावयाचा, हात एवढ्याच उंचीवर धरावयाचा, हे त्याला कोणी सांगितले होते? कोणीही नाही. त्या वयात डावा-उजवा हा भेदही शब्दाने कळत नाही. त्याने पाहिले आणि घेतले, एवढेच.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. यास्काचार्यांनी निरुक्तात आचार्य या शब्दाची जी फोड केली आहे, तीत आचार ग्रहण करवितो तो आचार्य असा एक अर्थ दिला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही श्रेष्ठ मनुष्य जसा वागतो तसेच इतर लोक वागतात, असे सांगितले आहे. हे सारे आपण ऐकत आलो. परंतु ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली गोष्ट पुन्हा नीट पाहावयाची असेल तर कधी कधी दुसऱ्या बाजूने यावे लागते. म्हणून आज थोडे मानसशास्त्राकडे वळू.

आल्बर्ट बांडुरा हे या विषयातील मोठे नाव. त्यांचा जन्म १९२५ साली कॅनडात झाला, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर अध्यापन केले आणि २०२१ साली ते निवर्तले. त्यांच्या तरुणपणी बहुतेक मानसशास्त्रज्ञांचा भर बक्षीस आणि शिक्षा यांवर होता. प्राणी असो वा मनुष्य, स्वतः काही करतो, त्याचे फळ भोगतो आणि त्यावरून शिकतो, असे ते मानीत. बांडुरांनी विचारले, की मग जे मूल स्वतः काहीच करीत नाही, नुसते कोपऱ्यात बसून पाहते, ते काही शिकत नाही काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुले घेतली, ३६ मुलगे व ३६ मुली. वय तीन ते पावणेसहा वर्षांच्या दरम्यान. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील प्रत्येक मुलाला एका खोलीत बसविले. तेथे एक मोठा मनुष्य हवा भरलेल्या बाहुल्यावर तुटून पडला. त्याने बाहुल्याला पाडले, त्याच्या नाकावर ठोसे मारले, लाकडी हातोडीने बडविले, लाथा मारल्या आणि तोंडाने काही ठराविक शब्द उच्चारले. दुसऱ्या गटासमोर मोठा मनुष्य बाहुल्याकडे न पाहता आपला शांतपणे खेळत बसला. तिसऱ्या गटाने यातले काहीच पाहिले नाही. त्यानंतर मुलांना दुसऱ्या खोलीत नेऊन सुंदर खेळणी दाखविली आणि लगेच काढून घेतली, म्हणजे मुले जराशी रुसावीत. शेवटी तिसऱ्या खोलीत इतर खेळण्यांबरोबर तसाच एक लहान बाहुला ठेवून मुले काय करतात ते वीस मिनिटे पाहिले.

पहिल्या गटातील पुष्कळ मुलांनी तो बाहुला बडविला. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्यांनी तो त्याच पद्धतीने बडविला, तीच हातोडी उचलली आणि तेच शब्द उच्चारले. ज्यांच्यासमोर मोठा मनुष्य शांत होता, त्या मुलांत हा प्रकार फारच थोडा दिसला. कोणी शिकविले नव्हते, शाबासकी दिली नव्हती. हा बाहुला मुळात पाडण्यासाठीच बनविलेले खेळणे होते, खोलीत खेळणे मारणारे मूल उद्या माणसाला मारील असे यावरून म्हणता येत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तही आहे. परंतु पाहिलेले मुलाच्या आत जाऊन बसते, एवढे तर त्यातून उघड झाले.

पाहून शिकण्यात चार गोष्टी लागतात, असे बांडुरांनी पुढे मांडले. त्या आपण भाकरीवरून समजून घेऊ. मुलगी आईजवळ चुलीपाशी बसते. पहिली गोष्ट अवधान, म्हणजे तिचे लक्ष आईच्या हाताकडे असले पाहिजे. दुसरी धारणा. उंडा किती मळला, परातीत पीठ कसे पसरले, तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात केव्हा फिरविला, हे तिच्या मनात राहिले पाहिजे. तिसरी कृतीचे सामर्थ्य. मनात चित्र असले तरी चिमुकल्या हाताला भाकरी थापता येत नाही, ती काठाला चिरते, उचलताना तुटते. हात तयार व्हावा लागतो. आणि चौथी प्रेरणा. आपणही अशी भाकरी करावी, तिची वाकडी भाकरी आजोबांनी कौतुकाने खावी, असे तिला वाटले पाहिजे. या चारांतले एक जरी नसले तरी वर्षानुवर्षे चुलीजवळ बसूनही भाकरी येत नाही. वर्षानुवर्षे पूजेजवळ बसूनही पूजा येत नाही, त्याचे कारणही याच चारांत शोधावे. मूल शेजारी बसले आहे पण त्याचे डोळे मोबाइलवर आहेत, तर अवधान गेले. आणि पूजा करणाऱ्या वडिलांच्याच उजव्या मांडीजवळ मोबाइल असेल, तर मूल अवधानपूर्वक काय शिकत आहे, ते वेगळे सांगावयास नको.

१९६५ साली बांडुरांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी ६६ मुलांना चित्रफीत दाखविली. काहींच्या फितीत बाहुल्याला मारणाऱ्याला शेवटी खाऊ व शाबासकी मिळे, काहींच्या फितीत त्याला रागावले जाई, तर काहींच्या फितीत काहीच होत नसे. ज्यांनी रागावलेले पाहिले, त्या मुलांनी नक्कल कमी केली. येथवर कोणालाही वाटेल की शिक्षेचा उपयोग झाला. परंतु नंतर सर्व मुलांना सांगितले, की त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवा, दाखवाल तर बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांनी जवळजवळ सारखेच करून दाखविले. म्हणजे शिकली होती सगळीच. काहींनी ते आत ठेवून दिले होते, प्रसंग येईपर्यंत.

वाचकहो, हे वाचताना मला एक प्रसंग आठवला. तो मी आजवर लिहिला नव्हता. परंतु या विषयावर लिहावयाचे आणि तो लपवावयाचा, हे बरे नव्हे.

बारा-तेरा वर्षे झाली असतील. वैशाखातील दुपार होती. मठातील प्रसादनिलयाची काही मुले सुट्टीतही मठातच राहिली होती. मागील अंगणात चिंचेखाली त्यांचा खेळ चालला होता. मी खिडकीशी उभा होतो, त्यांना मी दिसत नव्हतो. चौथीतला एक मुलगा पालथ्या घातलेल्या घमेल्यावर खांद्यावर पंचा घेऊन बसला होता. तो स्वामी झाला होता. एक मुलगा तोंडाने मोटारीचा आवाज करीत आला आणि उतरल्याचा अभिनय करून नमस्कार करू लागला. घमेल्यावरचे स्वामी अर्धवट उठले, हसले आणि म्हणाले, "या, या. प्रवास सुखाचा झाला ना? अरे, चहा आणा." एवढ्यात दुसरा मुलगा कमरेत वाकून, काठी टेकीत, म्हातारी होऊन आला. "अप्पाजी, माझ्या लेकाचं दुखणं..." असे त्याने म्हणताच स्वामींनी मोटारवाल्याकडे पाहत पाहतच मातीची चिमूट म्हातारीच्या पुढे धरली आणि म्हटले, "होईल, होईल. बरं होईल." आणि बोटांनीच तिला पुढे जा म्हणून खुणाविले. सगळी मुले खदखदून हसली.

ते "होईल, होईल" माझे होते. सूर माझा होता. बोटांची खूणही माझीच होती.

त्याच आठवड्यात मी महात्मा बसवेश्वरांच्या समतेवर तीन दिवस प्रवचन केले होते. मुले पुढच्या रांगेत बसून ऐकत होती. त्या खेळात माझे प्रवचन कोठेच नव्हते. प्रथम मला राग आला. मुलांना बोलावून खडसवावे म्हणून दाराच्या कडीला हातही घातला. मग वाटले, कोणत्या अपराधासाठी खडसवणार? त्यांनी खोटे काय केले? आणि रागावलो असतो तर काय झाले असते, हे आता बांडुरांच्या दुसऱ्या प्रयोगावरून कळते. खेळ बंद पडला असता. शिकलेले मात्र आत राहिले असते आणि उद्या त्यांच्यातला कोणी अधिकारी, कोणी शिक्षक, कोणी स्वामी झाला असता, तेव्हा बाहेर आले असते.

मी कडीवरचा हात काढला. पुढच्या सोमवारपासून विभूती देताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहावयाचे, गाव विचारावयाचे आणि उत्तर पुरते ऐकावयाचे, असा नेम धरला. पहिले काही सोमवार मला ते जमले नाही, जिभेवर "होईल, होईल" येई. रांग लांबू लागली. मठाचे कारभारी कुरकुरले. यावर मी कधी प्रवचन केले नाही. दोन वर्षांनी दासोहाच्या पंक्तीत त्याच मुलांपैकी एकाला वाढताना पाहिले. पंक्तीच्या टोकाला एक बहिरे आजोबा बसले होते. त्यांना आणखी आमटी हवी होती, पण सांगता येत नव्हते. मुलगा बादली खाली ठेवून वाकला आणि त्यांचे सांगणे संपेपर्यंत थांबला. त्याने हे माझ्याकडून घेतले, असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरी एखादी चांगली अज्जी असेल. परंतु माझ्याकडून त्याने "होईल, होईल" तरी पुढे नेले नाही, एवढे समाधान मला पुरे आहे.

आता या विषयाची दुसरी बाजू पाहू. पाहिले तसे करीत जाणे, हे केव्हाही चांगलेच काय?

सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००५ साली चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुले यांच्यावरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीत खाऊ अथवा बक्षीस ठेवलेले असे. दाखविणारा मनुष्य आधी पेटीच्या वरच्या भोकात काठी घाली, मग समोरच्या भोकात घालून आतली वस्तू काढी. वरच्या भोकाचा खरे तर काही उपयोग नव्हता. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझींनी दोन्ही कृती केल्या. पेटी पारदर्शक होताच वरच्या भोकाचा उपयोग नाही हे दिसले आणि ती कृती त्यांनी बहुतेक सोडून दिली. मुलांनी मात्र पेटीच्या आरपार दिसत असतानाही दोन्ही कृती केल्या.

मग माणसाचे मूल चिंपांझीहून मंद म्हणावे काय? तसे नाही. मोठ्या माणसाने केले, म्हणजे त्यात काही अर्थ असेल, असा विश्वास घेऊन माणसाचे मूल येते. त्या विश्वासामुळेच बियाणे राखण्याची रीत, औषधाचा काढा, सुताराचा हात, पूजेचा क्रम, अशा ज्यांची कारणे लगेच दिसत नाहीत त्या गोष्टी पिढ्यान्पिढ्या टिकल्या. परंतु त्याच वाटेने धान्याबरोबर कोंडाही येतो. माझ्या पाहण्यात एक घर आहे. तेथे पूजेनंतर तीर्थाचे भांडे डाव्या हातानेच उचलण्याची रीत होती. नव्या सुनेने कारण विचारले, तेव्हा "असंच करायचं असतं" असे उत्तर मिळाले. पुढे घरातील एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सांगितले, की पणजोबांचा उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात सापडून निकामी झाला होता, म्हणून ते डाव्या हाताने भांडे उचलीत. तीन पिढ्यांनी पणजोबांचा अपघात धर्म म्हणून सांभाळला होता.

भांड्याची गोष्ट निरुपद्रवी आहे. परंतु कोणाला ओसरीवर बसवावयाचे आणि कोणाला अंगणात, कोणाला कोणत्या पेल्यात पाणी द्यावयाचे, हेही मुले अशीच पाहून शिकतात, आणि ते निरुपद्रवी नसते. बाराव्या शतकातील शरणांचे मोठेपण येथे दिसते. परंपरा सांगते, की बसवेश्वरांनी आठव्या वर्षी मुंज करून घेण्याचे नाकारले आणि जे मला, ते माझ्या अक्काला का नाही, असे विचारले. त्या घरात मुंजी त्यांनीही पाहिल्या असतील. इतर मुलांनी पाहिले आणि केले. त्यांनी पाहिले आणि विचारले. कल्याणातील अनुभवमंटप हे असे विचारण्याचे स्थान होते. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली तेथे परीट, नावाडी, दोरखंड वळणारे असे नाना कायकांचे शरण-शरणी एकत्र बसत आणि आपापला अनुभव पारखून घेत. पाहून आलेला आचार विचारून पारखला, म्हणजे तो आपला होतो. तोवर तो उसना असतो.

म्हणून मुलाने "का?" असे विचारले तर त्याला गप्प बसवू नये. कारण ठाऊक असेल तर सांगावे. ठाऊक नसेल तर "शोधू या" असे म्हणावे. मोठे माणूस न कळलेले कबूल करते, हेही मूल पाहून शिकते.

आणखी एक गोष्ट सांगून हा पाठ आवरतो. पाहून शिकण्याची ही वाट खालून वरही जाते काय? जपानमधील कोशिमा बेटावर १९५३ साली दीड वर्षाच्या एका माकडिणीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाण्यास सुरुवात केली. संशोधकांनी तिचे नाव इमो ठेवले होते. तिच्या बरोबरीच्या पिलांनी ते उचलले, तिच्या आईने उचलले, हळूहळू पुष्कळ माकडे रताळी धुऊ लागली. हे पाहून शिकणे होते की ज्याचे त्याने शोधून काढणे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ज्यांनी बहुतांशी ही रीत उचलली नाही ते कोण होते? कळपातील वयस्कर नर. हे वाचून मी माझ्याशीच हसलो. पन्नाशी ओलांडलेल्या मठाधिपतीने ही नोंद जपून ठेवावी अशीच आहे.

शरणांच्या समूहात असे नव्हते. आयदक्की मारय्यांनी एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा ते लक्कम्मांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते परत नेऊन टाकण्यास सांगितले. मारय्यांनी ते ऐकले. चन्नबसवण्णा मामांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या सहवासात वाढले, लहानपणापासून सारे पाहत वाढले, आणि पुढे ज्येष्ठ शरणही त्यांच्याकडे जिज्ञासेने पाहू लागले. मरुळशंकरदेवांची कथा तर आपण जाणताच. बसवेश्वरांच्या महामनेत प्रसादाच्या ठिकाणी झाडलोट करीत ते मूकपणे राहिले, कोणाच्या दृष्टीस आले नाहीत. अल्लमप्रभूंनी त्यांना ओळखले तेव्हा बसवेश्वरांना आपल्याच घरात असून आपल्याला दिसले नाही, याचा खेद वाटला. आपल्या घरातही कोणी कोपऱ्यात उभे राहून मूकपणे आपल्याला पाहत आहे. बहुधा ते सर्वांत लहान माणूस असते.

या महिन्याचा अभ्यास

१. मुलांना खेळताना दुरून पाहावे. ती आई, वडील, आजोबा, स्वामी झाली की कसे बोलतात ते ऐकावे. ऐकून रागावू नये.

२. त्यात आपला एखादा शब्द अथवा हातवारा सापडला, तर तेवढी एकच गोष्ट महिनाभर सुधारण्याचा नेम धरावा. घरात त्याची वाच्यता करू नये.

३. घरातील एखादी रीत घेऊन तिचे कारण वडीलधाऱ्यांना विचारावे. कारण योग्य वाटले तर समजून पाळावी. माणसाला माणसापासून दूर करणारी रीत असेल तर तिला कारण विचारण्यातही फार वेळ घालवू नये.

४. पूजेच्या वेळी शेजारी लहान मूल येऊन बसले तर त्याला उठवू नये. त्याच्या तळहातावर खडा असला तरी चालेल.

पुढील पाठात भृत्याचाराचा विचार करू. इति शम्. शरणु शरणार्थी.